बारवेच्या फोटोतलं कोपर

आमच्या गावात नुसत्या वस्तूचा फोटो कोणी काढत नाही. ट्रॅक्टर घेतला तर त्याच्याभोवती सगळं घर उभं राहतं. बैल घेतला तर कासरा धरून मालक उभा राहतो. ऊस जोमात आला तर उसाशेजारी माणूस उभा करून त्याला हात वर करायला लावतात. हात वर करूनही शेंडा लागत नाही हे दिसलं पाहिजे, नाहीतर ऊस किती उंच आहे हे परक्याला कळणार कसं? मोकळ्या वस्तूचा फोटो फक्त पंचनाम्याला काढायचा. मी एकदा सहज आमच्या गोठ्याचा फोटो काढला, तर काकू पिठाचे हात घेऊन बाहेर धावत आली. "काय झालं गं? काय पडलं?"

ही रीत आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

मी सांगलीत एका शाळेत शिकवते. आमच्या घरात पदवी मिळवणारी पहिली मीच. त्या पदवीत माझा अभ्यास आहे तशी तात्यांची मोटारसायकलही आहे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. फौजेतून पेन्शन घेऊन आले त्याच वर्षी माझं कॉलेज सुरू झालं. रोज सकाळी ते मला गावातून कोरेगावच्या स्टँडवर सोडायचे आणि साताऱ्याची गाडी हलेपर्यंत फाटकाशी उभे राहायचे. पदवी मिळाली त्या दिवशीचा एकच फोटो आमच्याकडे आहे. तो तात्यांनी काढला, म्हणून तात्या त्यात नाहीत. तसं बघितलं तर माझे वडीलही त्यात अर्धेच आहेत. तात्यांनी नेम माझ्यावर धरला होता.

काही वर्षांपूर्वी सांगलीच्या वाचनालयात एका रविवारी दोन तरुण मुलं आली आणि त्यांनी आम्हा शिक्षकांना एका ऑनलाइन संग्रहाची माहिती दिली. जगातल्या कोणीही आपण स्वतः काढलेले फोटो, आवाज, चित्रफिती तिथे ठेवायच्या आणि कोणीही त्या फुकट घ्यायच्या, वापरायच्या, हव्या तशा बदलायच्या. आपण निवडलेल्या परवान्यात अट एकच होती, काढणाऱ्याचं नाव द्यायचं. मला ते ऐकून भरून आलं. मी दुसऱ्यांच्या जुन्या पुस्तकांवर शिकलेली बाई. इतकं फुकट घेतलं, आता थोडं फुकट द्यायची सोय झाली असं वाटलं. त्याच आठवड्यात मी बाजारातल्या हळदीच्या ढिगाचे फोटो त्या संग्रहात टाकले. मग आमच्या गावची बारव शोधली. ती तिथे नव्हतीच.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले आणि घराच्या पुढच्या सोप्यात बसून तात्यांना सगळं समजावून सांगितलं.

"फुकट?" तात्यांनी विचारलं.

"फुकट."

"कुनीबी घ्यायचा? आन् इचारायचंबी न्हाई?"

"नाही. फक्त काढणाऱ्याचं नाव सांगायचं."

तात्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हंजी बारवंच्या पान्यासारखंच की गं. यावं आन् घागर भरून न्यावी."

इतक्या सोप्या शब्दांत त्या दोन मुलांनाही सांगता आलं नव्हतं. मी खूश होऊन म्हणाले, "आणि तात्या, एक लक्षात ठेवा. तो फोटो कोणीही बदलू शकतो."

"बदलू दे की," म्हणत तात्या उठले. "मी फेटा बांधून येतो."

"फेटा कशाला? फोटो बारवेचा आहे."

"मग बारवंबरूबर हुबं कोन ऱ्हानार?"

आमची बारव गावाबाहेर उसात आहे. रुंद दगडी पायऱ्या खाली उतरत जातात, अर्ध्यावर एक कमान लागते आणि कमानीच्या पलीकडे पाणी. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिले. तात्या डाव्या कडेला जाऊन सावधानमध्ये उभे राहिले. छाती पुढे, मुठी मांडीला लावलेल्या, नजर थेट कॅमेऱ्यात.

"तात्या, जरा बाजूला व्हा."

ते एक पाऊल सरकले. फोटोतच होते.

"अजून."

"व्हतो की," म्हणाले आणि तेवढंच एक पाऊल परत आले.

"एक तरी नुसत्या बारवेचा काढू द्या."

"नुसत्या?" तात्यांचा चेहरा गंभीर झाला. "का? कुनी पडलंय का तिच्यात?"

मी दिशा बदलली, तात्यांनी जागा बदलली. शेवटी जेवढे फोटो निघाले, तेवढ्यांत डावीकडे तात्या होते. संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून त्यातला सगळ्यात बरा फोटो संग्रहात चढवला. वर्णन लिहिताना विचारलं, "तुमचं नाव घालू?"

"नाव कशाला?" तात्या म्हणाले. "समदे वळखत्यात मला."

मी लिहिलं: बारव, सातारा जिल्हा, डावीकडे गावातील एक निवृत्त जवान.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पारावर जाहीर केलं की आपण जगात गेलो. पारावर त्यांचे शाळेतले बाकसोबती होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. त्यांच्या नातवंडांचे मित्रही त्यांना कंडक्टर आजोबा म्हणतात. हे दोघं सत्तरीला आले तरी चौथीत पहिला नंबर कोणाचा होता हे त्यांच्यात अजून ठरलेलं नाही.

"जगात गेलास म्हंतोस," कंडक्टर म्हणाले, "पर संध्याकाळी हितंच बसलाय की रं."

"फोनवर बघ, गड्या. कवाबी बघ. अमेरिकेतनं बघ."

"अमेरिकेतनं कशाला बघू? माझ्या म्हशीची धार काढायची हाय."

पण कंडक्टर बघायचे. रोज बघायचे. पास तपासावा तसा तो फोटो तपासायचे. तात्यांनी पारावरच्या प्रत्येकाला तो दाखवला, वर जावयाच्या गावालाही दाखवून आले. घरी मांडवातला, लग्नातला, फौजेतला त्यांचा एकही फोटो भिंतीवर नाही. कोणाच्या तरी फोटोमागे हा माणूस आयुष्यभर उभा होता, आणि आता कुठे पुढे आला होता.

ऊसतोडीच्या दिवसांत एका दुपारी मी शाळेत असताना तात्यांचा फोन आला. आवाज बसला होता.

"पोरी, कापलं."

"काय कापलं? कोयता लागला का? किती लागलंय?"

"मला कापलं गं."

तेवढ्यात फोन कोणीतरी ओढून घेतला. "बाई, मी कंडक्टर बोलतोय. घाबरू नगा. कोपर शाबूत हाय."

झालं होतं ते असं. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पायऱ्यांच्या विहिरींवर इंग्रजीत लेख लिहिला होता आणि त्यात आमची बारव घेतली होती. घेताना डावी कड कापली होती. तात्या गेले होते. राहिलं होतं ते त्यांचं डावं कोपर, पांढऱ्या बाहीतलं, चित्राच्या कडेतून आत डोकावणारं. लेख शोधून काढला तो अर्थात कंडक्टरांनी.

पारावर तात्या आले की "कोपर आलं, जागा द्या" सुरू झालं. कोणी म्हणे, फौजीचं बाकीचं अंग विसा मिळाला की जाणार आहे. तात्यांनी पारावर जाणं बंद केलं. काकूचा फोन आला. "आठवडा झाला, मानूस घरातनं हलंना. सकाळपासनं माझ्या मागं हुबं ऱ्हाऊन भाकरी कशी थापायची ते शिकवत्यात मला. तुझं ते जग काय हाय ते सरळ कर बाय, न्हाईतर मी येते सांगलीला."

मी त्या परक्या माणसाच्या पानावर अदबीने लिहिलं की फोटोतली व्यक्ती आमच्या घरातली वडीलधारी आहे आणि तिला वाईट वाटलं आहे. उत्तरही अदबीनेच आलं. तुमच्या भावना समजतात, पण कडेची व्यक्ती वास्तूवरून लक्ष विचलित करते. आणि मूळ फोटो संग्रहात जसाच्या तसा आहेच. हे मी तात्यांना फोनवर मराठीत सांगितलं. सांगताना थोडं हलक्या हाताने सांगितलं.

"तात्या, तो म्हणतो, तुम्ही असलात की सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडेच जातं. विहिरीकडे कोणी बघतच नाही."

"असं म्हंतोय व्हय?" आवाजाला जरा तेज आलं होतं. पण लगेच उतरलं. "पर कापलं ते कापलंच की."

"मी दिवाळीत सांगितलं होतं ना, फोटो कोणीही बदलू शकतो म्हणून?"

"तवा मी फेटा बांधाय चाललो व्हतो."

"मूळ फोटो आहे तात्या, पूर्ण. तुमच्यासकट."

"तिथं कोन बघतंय? लोकं लेखात बघत्यात." मग हळूच म्हणाले, "काढून टाक म्हनत न्हाई मी. दिलेलं पानी कुनी माघारी मागत न्हाई. पर मी हुतो गं तिथं."

वर्गाची घंटा झाली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. घंटा झालेली नव्हती.

नंतर एकदा त्यांचाच फोन आला. या वेळी आवाज फौजी होता.

"एक सांग. मी कडंला हुतो म्हनून त्याला कापता आलं. बरूबर?"

"बरोबर."

"मधी असतो तर?"

"मध्ये असतात तर बारवच कापावी लागली असती."

"सुट्टी कवा लागती तुला?"

मे महिन्यात भडंगाची पिशवी घेऊन गावी पोचले, तर तात्यांनी बारवेची पूर्ण टेहळणी करून ठेवली होती. कोणत्या वेळी ऊन कुठे असतं, कोणत्या पायरीवरून काय दिसतं, सगळं पाठ. कमानीच्या बरोबर मध्ये, पायरीवर, त्यांनी चुन्याने फुली मारली होती. "ही माझी पोझिशन," ते म्हणाले. "हितं गोळा पडला तरी मी हलनार न्हाई."

कंडक्टरही आले होते, न बोलावता. इस्त्रीचा शर्ट, ताजा कलप. तात्यांनी त्यांचं इतकं प्रेमाने स्वागत केलं की मलाच शंका आली.

"ये गड्या, ये. तूबी हो फोटूत. हितं हुबा रा, ह्या कडंला. लय झ्याक दिसशील."

आणि त्यांनी बोट दाखवलं ते डाव्या कडेला. जिथून त्यांना स्वतःला कापलं होतं, नेमकं तिथेच.

कंडक्टरांनी कडेकडे बघितलं, कमानीकडे बघितलं, मग तात्यांकडे बघितलं. भरल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस नुसत्या तोंडावरून ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"कडंची सीट मला नगं, फौजी," ते म्हणाले. "वारं लागतं. मी आपला फोटूच काढतो." आणि माझ्या हातातून फोन घेत मला म्हणाले, "बाई, तुमीबी व्हा आत. तात्याबरूबर तुमचा एक तरी फोटू हाय का?"

मी आठवून बघितलं. नव्हता.

मी तात्यांच्या पायाशी, एक पायरी खाली बसले. वर तात्या सावधान. कंडक्टर मागे मागे गेले, वाकले, गुडघ्यावर बसले आणि ओरडले, "चला, पुढं सरका, पुढं जागा हाय! दाराशी गर्दी करू नगा! फौजी, तिकीट झालं का?" तात्यांनी गंभीर राहायचा प्रयत्न केला. "टिंग टिंग!" कंडक्टर म्हणाले आणि बटण दाबलं.

तो फोटो मी आजही बघते. पायऱ्यांवर तिरपं ऊन आहे, कमानीचा प्रत्येक दगड मोजून घ्यावा इतका स्वच्छ आहे, आणि बरोबर मध्ये तात्या फेट्यासकट पोटापासून हसतायत. त्यानंतर मीही पुष्कळ फोटो काढले. त्या सगळ्यांत तात्या परत सावधानमध्ये गेलेले आहेत, बारवेवर बसवलेल्या पाटीसारखे.

घरी आल्यावर तात्यांनी कंडक्टरांच्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्योच टाक."

"हा मला टाकता येत नाही."

"का?"

"संग्रहाचा नियम आहे. ज्याने बटण दाबलं, फोटो त्याचा. त्यानेच परवानगी द्यायची."

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "फोन तुझा, बारव गावची, थोबाड माझं, आन् फोटू त्याचा?"

"हो."

"आगं, मशीन त्याचं न्हाई, गिऱ्हाईक त्याचं न्हाई!"

सोप्याच्या कडेला बसून कंडक्टर भडंग खात होते. त्यांनी शेंगदाणा शोधून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "इचारून सांगतो."

"कुनाला इचारनार हायस?"

"माझ्या मनाला."

त्यांच्या मनाने बरेच आढेवेढे घेतले. काकूचं काम मात्र झालं, कारण कंडक्टरांना गाठण्यासाठी तात्यांना रोज संध्याकाळी पारावर जावं लागलं. कोपर आलं, कोपर आलं म्हणून लोकांनी चिडवलं तरी ते बसून राहायचे. शेवटी कंडक्टरांनी अट घातली. समद्यांम्होरं म्हणायचं, की फोटो कंडक्टरनं काढला आणि लय चांगला काढला.

मी तिथे उभी होते. तात्यांनी घसा खाकरला. "फोटू ह्यानं काढला. बरा काढला."

"लय," कंडक्टर म्हणाले.

"लय बरा काढला."

"चांगला म्हन की रं."

"आरं, लय चांगला काढलास! आता देतोस का बारवंत ढकलू?"

कंडक्टरांनी तिथल्या तिथे, पारावरच, माझ्याकडून संग्रहात खातं उघडून घेतलं. नाव घातलं ते स्वतःचं, वडिलांचं, आडनाव आणि गाव, सगळं अक्षरन् अक्षर. अटी कोणी वाचत नाही. त्यांनी मला त्या मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला लावल्या. "कोणीही बदल करू शकतो" ही अट त्यांनी दोनदा वाचून घेतली, तात्यांकडे बघत. मग बटण दाबलं आणि बारव पुन्हा एकदा जगात गेली.

त्या परक्या माणसाला मी नवा फोटो कळवला. पावसाळा सरता सरता लेखातला फोटो बदलला. कोपर गेलं आणि त्या जागी कमानीतले तात्या आले, संपूर्ण. फोटोच्या पानावर टीप होती: आतल्या माणसामुळे कमानीची उंची छान समजते, कापू नये, मात्र त्यांची उंची किती आहे ते कृपया कळवावं.

मी ते वाचून फोन हातात घेतला तोवर तात्यांचाच फोन आला. मला वाटलं, आनंदाचा असेल.

"फोटूत मी हाय," ते म्हणाले, "पर त्याच्यावर बोट ठेवलं की नाव त्याचं येतंय. बापासकट."

"काढणाऱ्याचं नाव येतं, तात्या. आणि तुमचं नाव तुम्हीच नको म्हणालात. समदे ओळखतात म्हणालात."

"ते ऱ्हाऊ दे. बोट कोन ठेवतंय? पर त्या टीपंला ह्यानं परस्पर उत्तर दिलंय. माझी उंची पाच फूट सहा इंच लिवलीया!"

"मग?"

"पाच सात! भरतीला अनवानी मोजली व्हती!"

मागून कंडक्टरांचा आवाज आला. "तवाची ती! म्हातारपनी मानूस इंचभर उतरतोय. फोटू आत्ताचा हाय, बाई, खोटं लिवायचं न्हाई जगाला!"

"तू दुरुस्त कर," तात्या म्हणाले.

"मी कशाला? ते कोणालाही दुरुस्त करता येतं. तुम्हीच खातं उघडा."

"आन् मग ह्यो कंडक्टर पुन्हा सहा करील की."

"मग तुम्ही पुन्हा सात करा."

यावर तात्या जे हसले, ते फोनमधून घरभर ऐकू गेलं. खातं उघडताना मी मुद्दाम विचारलं, "नाव कशाला घालायचं? समदे ओळखतात ना?"

"पुरं घाल म्हनतो न्हवं," तात्या म्हणाले.

तेव्हापासून आमच्या बारवेच्या फोटोखाली उंची कधी पाच सहा असते, कधी पाच सात. काकू सांगते, दोघं पारावर शेजारी शेजारी बसून हे करतात आणि बॅटरी संपली की दोन्ही फोन एकाच चार्जरला लावतात.

मी तो फोटो मोठा छापून सांगलीच्या घरात, पदवीच्या फोटोशेजारी लावलाय. अट आहे म्हणून खाली कंडक्टरांचं नाव लिहिलं, वडिलांसकट. परवा तात्या आले होते. चहा घेतला, भिंतीपाशी गेले, दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. मग माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि मला म्हणाले, "काच काढ जरा." काच काढली. कंडक्टरांच्या नावाखाली त्यांनी फौजी अक्षरात लिहिलं, "५ फूट ७ इंच", आणि मला विचारलं, "हे तर कुनाला बदलता येत न्हाई न्हवं?"

मी काच परत लावली.